सत्तारचाचांच्या डब्याचा उजवा काटा

खरं सांगू का, भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाणारी बाई आहे. या ग्रुपवर तुमचे अनुभव वाचते, पण निम्म्या गोष्टींत मला वायरिंगचाच दोष दिसतो. त्यामुळं हे लिहायला बसले तर माझंच मला हसू येऊन राहिलंय... पण मागच्या वर्षी, हळद शिजवायच्या दिवसांत, भर दुपारी जे झालं ते झालं.

मी कुरुंद्याजवळ एका लहानशा कम्युनिटी रेडिओवर टेक्निशियन आहे. एक खोली, पन्नास वॅटचा ट्रान्समीटर, मागं शंभर फुटी टॉवर आणि त्यावर अँटेना. खोलीला टॉवरच्या बाजूनं खिडकीच नाही — कुणाच्या डोक्यातून ही आयडिया निघाली देव जाणे.

हे काम मला शिकवलं सत्तारचाचांनी. हिंगोलीत एसटी डेपोमागं त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. डिप्लोमा करून मी घरी बसले होते, नोकरी कुठंच नव्हती, तेव्हा या माणसानं मला समोरचा स्टूल दिला. पोरीनं सोल्डरिंग करावं का, असला प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. घाई केली की मात्र बोलायचे, "हळू बेटा, गडबड काहून करून राहिली? टाका थंड तर होऊ दे." दुपारी चाचीच्या हातची अंबाडीची भाजी असायची, भाकर माझ्या डब्यातली. कसले दिवस होते ते... आता त्या जागी मोबाईल कव्हरं विकतात.

आमचा रेडिओ सुरू झाला तेव्हा चाचांनी स्वतः एक डायरेक्शनल कपलर बनवून दिला. सोपं करून सांगते. मोटारीचं पाणी पाईपातून शेताकडं जातं, पुढं बोळा असला की मागं फिरतं. तशीच ट्रान्समीटरची पॉवर अँटेनाकडं जाते आणि वर काही बिघडलं की परत येते. जाते किती आणि परत येते किती, ते कपलर दाखवतो. फ्रीजवाल्याकडून आणलेली तांब्याची नळी, तिच्यात मधोमध पितळी दांडी, शेजारी दोन बारीक तारा, दोन डायोड, आणि जुन्या टेपरेकॉर्डरमधले दोन काट्याचे मीटर, सगळं एका पत्र्याच्या डब्यात बसवलेलं. डावा काटा जाणाऱ्या पॉवरचा, उजवा परत येणाऱ्या पॉवरचा. त्या तारांचं अंतर केसभर इकडं-तिकडं करत आम्ही दोघं आठवडाभर बसलो होतो. त्या डब्याला ना बॅटरी, ना प्लग. वाहत्या पॉवरमधलं चिमूटभर घेऊन काटा हलतो. पॉवर नाही, तर काटा हलत नाही.

मी सांगतेय त्या दुपारच्या आदल्या वर्षी चाचा गेले. त्यांचा मुलगा रफिक टॉवरवर चढायची कामं करतो, पस्तिशीचा गडी आहे. चाचांना ते काम बिलकुल पसंत नव्हतं. "हा टॉवरवर चढतो अन् माझं बीपी चढतं," म्हणायचे.

त्या दिवशी सकाळपासून उजवा काटा थोडा वर होता, म्हणजे वरचा कनेक्टर ढिला झालेला. मी रफिकला बोलावलं, ट्रान्समीटर बंद केला, तो वर चढला. बारा वाजता बाळंतिणींसाठीचा आरोग्याचा कार्यक्रम लावायचा होता. बाराला पाच कमी असताना त्याचा फोन आला, "ताई, बसला कनेक्टर. उतरलोच समजा. करा चालू."

आता, आपल्याकडं 'निघालोच समजा' म्हणणारा माणूस अजून अंघोळीलासुद्धा गेलेला नसतो, हे मला माहीत नाही का? पण घाई होती. मी बटणाकडं हात नेला — आणि उजवा काटा उठला.

सरळ शेवटाला जाऊन टेकला. ट्रान्समीटर तर बंद! मी वैतागले. डब्याला टिचकी मारली, काटा तिथंच. भिंतीतला प्लग उपटला, तरी तिथंच. ट्रान्समीटरकडची केबल काढून हातात धरली... काटा बारीक थरथरत तिथंच. म्हटलं, टॉवरवर जाणाऱ्या केबलीलाच काही झालं असणार, म्हणून बघायला बाहेर गेले.

टॉवरखाली रफिकच्या चपला होत्या. वर बघितलं, तर पठ्ठ्या वरच. दोन्ही हात अँटेनाला लावून कनेक्टरवर टेप गुंडाळून राहिलेला, आणि उतरायचं म्हणून कमरेचा पट्टा आधीच सोडलेला.

पन्नास वॅटनं माणूस मरत नाही, पण चटका असा बसतो की हात आपोआप सुटतो. शंभर फुटांवर हात सुटला म्हणजे... मी हाकसुद्धा मारली नाही, दचकला असता. तोंडावर हात धरून उभी राहिले, तो खाली येईस्तोवर. आला तशा त्याला चार शिव्या घातल्या आणि मग तिथंच बसून रडले. आत गेलो तर काटा शून्यावर होता.

संभाजीनगरचे एक ओळखीचे इंजिनिअर म्हणाले, स्टॅटिक असेल, म्हणजे हवेतून अँटेनावर साठलेली वीज. असेल बाबा. पण आमचा अँटेना जमिनीला जोडलेला आहे. स्टॅटिकनं काटा झटका खातो, असा मिनिटं-मिनिटं टेकून राहत नाही. जवळपास दुसरा ट्रान्समीटरही नाही.

रफिकला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं डब्यावरची धूळ बाहीनं पुसली. म्हणाला, "ताई, मी चढलो की अब्बा पाठ करून बसायचे. बघवायचंच न्हाई त्यांना." मग म्हणाला, "अम्मीला नका सांगू."

तुम्ही म्हणाल, डबा उघडून बघा की. बराबर आहे तुमचं. दुसऱ्या कुणाचा असता तर मी त्याच दिवशी उघडला असता. चार तर स्क्रू आहेत. दोनदा मी स्क्रूड्रायव्हर लावलासुद्धा. पण आत एखादी सुटलेली वायर सापडली, तर मला कारण मिळेल आणि चाचा पुन्हा एकदा जातील. तेवढं माझ्यानं होत नाही.