मधला बुधवार

भोर आणि वेल्ह्याच्या रस्त्यांवर एसटी चालवण्यात माझी सगळी नोकरी सरली. त्यातून एक गोष्ट शिकलो: गाडीला उशीर झाला म्हणजे ती कुठेतरी थांबली होती. ड्रायव्हर घाटात ट्रक आडवा झाल्याचं सांगतो, पण त्याच्या मिशीला चहा लागलेला असतो.

पोरगा नोकरीला सॅन फ्रान्सिस्कोला गेला. "मुंबईहून थेट विमान आहे, सोळा-सतरा तास लागतात," म्हणाला. ठीक. पण जाताना रविवारी दुपारी बसला आणि रविवारी संध्याकाळीच तिकडे उतरला. सुट्टीला येताना मंगळवारी रात्री बसला, तो गुरुवारी दुपारी वेल्ह्यात घरी. अंतर तेच, विमान तेच. चढणीला वेळ लागतो हे मला कुणी शिकवायला नको, पण आभाळात कसला आलाय घाट? मधला बुधवार दर वेळी जातो कुठे?

माझा संशय वाटेतल्या कात्रजवर. तिथे त्याची सासुरवाडी. सून नोकरीमुळे अमेरिकेतच राहते, हा एकटाच येतो, आणि जावयाचे लाड कुणाला नको असतात? आमच्याकडे लांबून आलेल्या माणसाला भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. बायको तुकडा आणि तांब्या घेऊन दारात उभी राहायची आणि मला वाटायचं, हा आधीच तिकडे जेवून-झोपून आलाय. आपला उंबरा दुसरा. फार लागायचं ते मनाला.

बायकोला बोललो तर म्हणाली, "आवं, इमानाला एश्टीचा हिशोब लावताय व्हय? पोरालाच इचारा की."

"चोराला इचारून चोरी कळती का?"

खरं तर मला भीती होती. तो हो म्हणाला तर काय करायचं?

यंदा बुधवारी सकाळीच मुंबईचं विमानतळ गाठलं आणि बाहेर येणाऱ्यांच्या दारासमोर ठाण मांडलं. बुधवार तिथेच संपला. पोरगा आला गुरुवारी पहाटे, डोळे तांबडे, शर्ट चुरगळलेला.

"आण्णा? तुम्ही कधी आलात?"

"बुधवारपास्नं हाय. तू कुठं व्हतास?"

"विमानात!"

टॅक्सीत त्याने समजावलं. आपल्याकडे सकाळ होते तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. येताना दिवस हातचा जातो, जाताना परत मिळतो. मला पटलं, बरंही वाटलं. तेवढ्यात कात्रजजवळ टॅक्सी हायवे सोडून आत वळली.

"हिकडं कुठं?"

"पाच मिनिटं, आण्णा. दर वेळी थांबतो मी."

घ्या! मिशीला चहा होताच की.

विहीणबाई थर्मास घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्येच उभ्या होत्या. पोराने सुनेने पाठवलेली पिशवी त्यांना दिली आणि गाडीला टेकून चहा प्यायला.

"वर जा की," मी जरा फणकाऱ्यानेच म्हणालो. "मी बसतो गाडीत."

"नाही हो," विहीणबाई म्हणाल्या. "पहिला उंबरा त्याच्या आईचा. दर वेळी लेकीची खुशाली मी इथेच विचारून घेते. जाताना येतो ना तो वर."

त्यांनी माझ्याही हातात कप दिला. मीही गाडीला टेकून प्यायलो.

घरी पोचलो तेव्हा बायको तुकडा घेऊन दारात उभी होती. आधी माझ्या मिशीकडे बघितलं तिने.

"कुठं थांबला व्हतात?"

"सांगतो. आदी त्याला ववाळ," मी म्हणालो. "आजून एकबी उंबरा वलांडला न्हाई पोरानं."