शालिकनं दिलेली चावी

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे. कोणत्या दाढेनं चावतो, कोणत्या भावाशी मनातून पटत नाही, कोणती भाजी पाहून तोंड वाकडं करतो — सगळं. ही गोष्ट मात्र तिलाही माहीत नाही. नागऱ्याच्या महादेवासमोर दोनदा जाऊन बसलो, तिथंही तोंड उघडलं नाही. आता तुम्हाला सांगून राहिलो. तुम्हालाच काऊन? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. भित्रा माणूस अनोळख्यापाशीच बोलते.

आमचं गाव दवनीवाड्याच्या अलीकडं. गावाला जुना तलाव आहे आणि त्याच्यावर दोघांचा हक्क. आम्ही धानवाले, आम्हाला पाणी बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत पाहिजे. दुसरे मासे धरणारे, त्यांना पाणी तलावात पाहिजे. पाणी तेवढंच. मग दुसरं काय होणार? माझ्या बापाच्या वेळी डोकी फुटली होती. माझ्या वेळी आमच्याकडून मी पुढं असायचो, त्यांच्याकडून शालिक. माझ्याच वयाचा, काळा, उंच, कमी बोलणारा. वीस वर्षं आम्ही एकमेकांच्या घरचं पाणी प्यालो नाही. लग्नाची पत्रिकासुद्धा द्यायचो नाही.

भांडणालाही कायदा लागते, तो आमच्यात होता. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतलं, मातीच्या बांधातलं, पाणी सोडायचं तोंड. त्याच्या लोखंडी चाकाला दोन कुलपं. एकाची चावी माझ्याकडं, एकाची शालिककडं. दोघं आल्याशिवाय पाणी सुटायचं नाही. आणि तलावात एक खुणेचा दगड. तो उघडा पडला की तुडूम बंद — त्याच्याखालचं पाणी माशांचं. शालिकनं हा कायदा कधी मोडला नाही. खरं सांगतो, तोवर मीही मोडला नव्हता.

बारा वर्षं झाली असतील. गणपतीत शाळेच्या भिंतीवर सिनेमा दाखवला. हिंदीत केलेला, जुना, इंग्रजी लढाईचा. कुठल्याशा मुलखात गोऱ्यांची पलटण मातीच्या गढीत अडकते, आणि ज्यांचा तो मुलूख, ते भालेवाले चारी बाजूंनी. गढीतलं पाणी संपते. तेव्हा भालेवाल्यांचा म्हातारा सरदार हात वर करते, त्याची माणसं बाजूला होतात, आणि गोरे शिपाई नदीवर जाऊन पाणी भरून आणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मारामारी. आमची पोरं ओरडली, मूर्ख आहे का बे हा बुढा? मीही हसलो. शालिक माझ्यापुढं दोन ओळी सोडून बसला होता. तो हसला नाही. उठताना माझ्याकडं वळून म्हणाला, “मुलूख बुढ्याचाच होता ना. म्हणून त्याले जमलं.” कित्येक वर्षांत भांडणाशिवाय तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला होता.

त्यानंतर काय झालं कोणास ठाऊक, आम्ही ओळख द्यायला लागलो. तो डोंग्यात, त्याच्या छोट्या नावेत, उभा असला आणि मी पाळीवर असलो तर तो बांबू थोडा वर करायचा. मी दुपट्टा हलवायचो. दोस्ती नव्हती हं. सभेत उभा राहिला की तसाच कडक बोलायचा आणि मीही सोडायचो नाही. पण असा दुश्मन असणं बरं वाटत होतं. घरच्या माणसांनीही कधी एवढा मान दिला नव्हता मला. हे लिहिलं, आता खोडत नाही.

पुढच्या वर्षी गणपतीनंतर पाऊस गडप झाला. धान निसवायला आलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, आणि तेव्हाच पाणी नाही मिळालं तर दाणा भरत नाही. नेमकं तेव्हाच शालिकच्या बायकोचं ऑपरेशन निघालं. नागपूरला न्यायचं, आठ-दहा दिवस. जायच्या दिवशी सकाळी तो माझ्या बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, येऊन उभा राहिला. आत नाही आला. चावी पुढं केली.

“मी नाही म्हणून तुमचं धान वाळू नये. दगड दिसला का बंद कर. माह्या लोकायले सांगितलं नाही, ते देऊ देणार नाहीत.”

मी म्हणालो, हव. एवढंच. तो गेला आणि माझी छाती अशी फुगली की काय सांगू. दोन्ही चाव्या माझ्या खिशात, आणि दुसरी मला माझ्या दुश्मनानं दिलेली.

पाणी सोडलं. त्याचे लोक विचारायला आले, म्हणालो, शालिकला माहीत आहे. आमच्यात आधी कोणाचं, मग कोणाचं, अशी पाळी लावून दिली. माझ्या बांध्या शेवटी ठेवल्या. पुढारी ना मी, लोकांनी वा म्हणावं म्हणून. पाचव्या दिवशी सकाळी पाळीवर गेलो तर दगडाचं डोकं पाण्याबाहेर. माझ्या बांध्यांना अजून थेंब पोचला नव्हता.

किती वेळ उभा होतो? तासभर तरी. हात चाकावर होता. फिरवायचं होतं फक्त. मनात म्हटलं, एक दिवस. एका दिवसानं काय मासे मरतात? दुसऱ्या दिवशी पाणी माझ्या पहिल्या बांधीत शिरलं, पण खालच्या दोन कोरड्याच. मग आणखी एक दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी बंद केलं, तोवर तलावात गुडघाभर गढूळ पाणी उरलं होतं आणि वर ऊन. मासे उलटे होऊन वर आले. रोहू, कटला, लहान बोटभर पिल्लं — सगळे. शाळेपर्यंत घाण वास. मासे धरणाऱ्यांच्या बाया काठावर बसून रडून राहिल्या होत्या, आणि मी घरी सांगितलं की मला ताप आहे.

शालिक नागपूरहून आला तो सरळ या वासात. दुसऱ्या दिवशी सभा. त्याचेच लोक त्याच्यावर उठले. दोन कुलपं आहेत, मग दुसरी चावी आली कुठून? तरीच हा त्याला बांबू वर करते. सौदा झाला यांचा. ज्या मानाचा मला अभिमान होता, तोच त्याच्या गळ्याला लावला त्यांनी. शालिक उभा राहिला. आवाज चढवला नाही.

“चावी मीच दिली. काय सांगून दिली, ते त्याले विचारा. तो माहा दुश्मन आहे, माह्यासाठी खोटं बोलाचं त्याले कारण नाही. तो म्हणंल ते मले कबूल.”

सगळे माझ्याकडं वळले. आता सांगतो. इथपर्यंत यायला मी किती फेरे घेतले ते तुम्ही पाहिलंच. सरपंचानं विचारलं, दगडाचं काही बोलणं झालं होतं का? मी म्हणालो, “नाही. चावी दिली, पाहून घे म्हणाला.”

बस. एवढे शब्द. दगडाचा कायदा त्यानंच सोडून दिला, असा त्याचा अर्थ झाला. शालिकनं माझ्याकडं पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. तो असा पाहत होता, जसं ओळखीचं घर सापडत नाही. मग म्हणाला, “तसंच असंल मंग,” आणि खाली बसला. कबूल म्हणाला होता ना. त्यानं आपला शब्द पाळला.

तलावाच्या समितीतून काढलं त्याला. त्याच्यासोबत जाळं धरायला कोणी येईना. डोंगा पाळीवर ओढून ठेवला, तो तिथंच सडला. बायको-पोराला इथं ठेवून तो गोंदियाला गेला आणि राइस मिलमध्ये पोती वाहू लागला. पन्नाशीच्या माणसानं पोती वाहायची! मी गोंदियाला जायचो, त्या रस्त्यानं जायचो नाही. मनाला सांगायचो, चावी तर त्यानंच दिली होती, हे काही खोटं नाही. असं किती वर्षं सांगितलं? दोन वर्षांपूर्वी तो गेला. मातीलाही मी गेलो नाही. बायकोला म्हणालो, दुश्मनाच्या मातीला काऊन जायचं? तिनं मान हलवली. तिला ते पटलं.

तेव्हाच हे पोटात जिरून गेलं असतं. मी जिरवलंच होतं. पण आठ दिवसांपूर्वी त्याचा मुलगा आला. आता तिशीचा आहे, समितीच्या निवडणुकीला उभा राहून राहिला. लोक तोंडावर म्हणतात, बापानं तलाव बुडवला, आता हा. म्हणून घरोघर फिरून राहिला, आमच्या धानवाल्यांच्याही घरी. माझ्या ओसरीत बसला. बायकोनं चहा ठेवला.

म्हणाला, “काका, मी बाबाले विचारलं होतं. दगडाचं सांगितलं होतं का नाही, खरं सांगा. ते म्हणे, त्यानं सभेत सांगितलं ना, तो खोटं बोलत नाही. त्या दिवसापासून मी बोललो नाही त्यायच्याशी. ते मरेपर्यंत.”

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. बायको दारात उभी राहून ऐकत होती. तेव्हा बोलता आलं असतं. यापेक्षा सोपी वेळ कोणाला मिळते? समोर त्याचा मुलगा, शेजारी माझी बायको, दिवसाउजेडी. जीभ टाळूला चिकटली असं लिहावंसं वाटते, पण तेही खोटं आहे. जीभ सुटी होती. मी तिला धरून ठेवलं.

तो म्हणाला, “माह्या हाती चावी आली तर बाबासारखी गलती करणार नाही. कोणालेच देणार नाही.”

मी म्हणालो, “बरोबर आहे, बेटा.”

चहा पिऊन तो उठला, वाकला आणि माझ्या पाया पडला. मी पाय मागं घेतले नाहीत.