तात्यांनी धरून ठेवलेला वारा

तळवलीचे कान्हा मढवी म्हणजे आमचे तात्या, चारचौघांत मोठ्याने ढेकरही न देणारे गृहस्थ. जमीन सिडकोत गेली, उरल्या जागेवर चाळ उठली, भाडेकरू आले, पण तात्यांची अदब तशीच राहिली. गावकीच्या बैठकीत खाकरायचं झालं तरी ते उठून बाहेर जायचे. अशा माणसाला प्रोस्टेटचा कॅन्सर व्हावा आणि सगळ्या दवाखान्याने रोज त्याच्या शौचाची चौकशी करावी, हा देवाचा निव्वळ चावटपणा होता.

डॉक्टरांनी समजावलं होतं नीट. ज्या ग्रंथीला किरणांचा शेक द्यायचा, ती गुदाशयाला अगदी खेटून असते. गुदाशय वाऱ्याने फुगला की तो शेकाच्या वाटेत येतो आणि भाजतो. मग जुलाब, रक्त, वेळेवर संडास गाठता न येणं. म्हणून रोज पोट साफ करून यायचं, आत वारा ठेवायचा नाही, आणि पाणी पिऊन लघवी मात्र धरायची, म्हणजे वरचं आतडं दूर सरकतं. तात्यांचा घोळ इथूनच सुरू झाला. एक सोडायचं, एक धरायचं, आणि दोन्ही दारं शेजारीशेजारी.

भीती मात्र खरी होती. उरणकडच्या साडूने फार वर्षांमागे असाच शेक घेतला होता. नंतर तो कुठल्याही लग्नात आधी संडास कुठे आहे ते बघायचा, आणि पुढे त्याने लग्नांना जाणंच सोडलं. तात्यांच्या केतनची हळद उन्हाळ्यात होती. आगऱ्यांची हळद म्हणजे अख्खा गाव रात्रभर दारात, आणि नवऱ्याचा बाप मांडवात हवाच. आपलाही साडू झाला तर, या विचाराने तात्या रात्री उठून बसायचे.

पहिला आठवडा बरा गेला. मग मशीनवरची माणसं बदलली आणि तिथे जागृती आली. जागृती म्हणजे केतनच्या होणाऱ्या बायकोची धाकटी बहीण, साक्षात व्याह्यांची लेक. तिने वाकून नमस्कार केला, तात्यांना टेबलावर निजवलं आणि जाड भिंतीपलीकडे गेली. शेकाआधी मशीन पोटाचा फोटो काढायचं. त्या दिवशी फोटोत वारा दिसला. तात्यांना उतरवलं, फेऱ्या मारायला लावल्या, पुन्हा निजवलं. वारा होताच. शेवटी औषध देऊन कसंबसं जमवलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

घरात संशोधन सुरू झालं. तात्यांच्या बायकोने, गोजराकाकूंनी, वाल बंद केले, मग कोबी, मग दूध. ऐन पोपटीच्या दिवसांत वावरात शेंगा भाजायचं मडकं लागलं, वालाच्या शेंगांचा वास गल्लीभर पसरला, आणि तात्या घरात मऊ भात खात बसले. केतनने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, कोंडा खा. शेजारीण म्हणाली, कोंड्यानेच होतंय. काकूंनी मीठमिरच्यांनी नजर काढली. तरी फोटोत वारा. तात्या चक्रावून गेले. पोटात जात नाही काही, मग हे येतं कुठून?

आता खरी गोष्ट सांगतो. तात्या वारा धरत होते. दवाखान्याच्या दारात पाऊल पडलं की व्याह्यांची लेक आठवायची आणि सगळं शरीर आवळलं जायचं. फेऱ्या मारतानाही ते धरूनच मारायचे. त्यात त्यांना चूक दिसत नव्हती. बाहेर पडतो तो वारा, आत असेपर्यंत कसला वारा, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. त्यातच एपीएमसीच्या बाजारात व्याही भेटले आणि "तब्येत काय म्हनते?" एवढंच विचारून हसले. तात्यांनी ओळखलं, यांच्या घरी रोज आपल्या पोटाचा पाढा वाचला जातोय. त्या दिवसापासून ते आणखीच घट्ट झाले.

एके दिवशी तिसऱ्यांदा टेबलावरून उतरवल्यावर तात्या लघवीने कासावीस होऊन भिंतीला टेकले. उद्यापासून यायचंच नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. तेवढ्यात जागृती बाहेर आली आणि जवळ उभी राहून हळूच म्हणाली, "तात्या, तुमी वारा सोडता का नाय?"

तात्यांचे कान तापले. "तुझ्यासमोर कसा सोडू? तुझी बहीन माझ्या घरात येनार हाय."

जागृती हसली नाही. "माझ्यासमोर लाजलात ना, तर माझ्या बहिनीचा सासरा हळदीला मांडवात नाय, संडासाच्या दाराशी दिसंल. आनि इथलं मी घरात बोलत नाय. तुमी इथं येता हे बाबांना अजून ठाव नाय."

 म्हणजे व्याही नुसतेच हसले होते? मग आपण इतके दिवस हे कोणापासून धरून ठेवलं?  तात्या संडासात गेले, लघवी कशीबशी धरली, बाकीचं सोडलं. आवाज झाला, आणि चांगला लांबलचक झाला. बाहेर जागृती तिथेच उभी होती. त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं आणि जाऊन टेबलावर निजले.

"साफ आलाय फोटो," स्पीकरमधून ती म्हणाली. "आता हलू नका, तात्या."

मशीन फिरू लागलं. तात्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ओघळून थेट कानात गेलं. पण त्यांनी हात उचलला नाही.