उजवी बाजू माझी

कर्वेनगरला आमच्या सोसायटीत कुणी विचारलं, "तुम्ही नक्की काय करता हो?" तर मी सांगते, "गाड्यांची मागची बाजू डिझाइन करते." समोरचा माणूस हमखास विचारतो, "आणि पुढची?" पुढची दुसरे लोक करतात. "म्हणजे तुम्ही फक्त मागची?" हो, फक्त मागची. टेल-लाइट, डिकीचं झाकण, मागचा बंपर, नंबरप्लेटची जागा. तळमजल्यावरच्या काकूंनी तर "असू दे, तेही काम कुणीतरी करायलाच हवं," असं म्हणून माझं सांत्वन केलं होतं.

अहो, पण पुण्यात राहून गाडीची पुढची बाजू बघतं कोण? सकाळी घरातून निघून मांजरीच्या पुढे आमच्या स्टुडिओत पोहोचेपर्यंत चांगला सव्वा तास मी लोकांच्या गाड्यांची पाठच बघत असते. मार्केट यार्डाजवळ कोबीच्या टेम्पोमागे अडकलं की त्या टेम्पोच्या पाठीवरचा एकेक ओरखडा पाठ होतो. गाडीचा चेहरा दिसतो तो आपल्या आरशात, आणि तोही हॉर्न वाजवत. तेव्हा मागची बाजू हीच खरी गाडी, असं माझं मत आहे. आणि माझी मतं पक्की असतात, हे घरात आणि ऑफिसात दोन्हीकडे मान्य आहे.

एवढं असूनही सोळा वर्षांत संपूर्ण माझी म्हणावी अशी एकही पाठ रस्त्यावर आलेली नव्हती. एका गाडीचे दिवे माझे, तर बंपर दुसऱ्याचा. एकीचं झाकण माझं, पण शेवटच्या बैठकीत कुणीतरी त्यावर क्रोमची जाड पट्टी मारून ठेवली. एकीचं सगळंच्या सगळं माझं होतं, तर ती गाडीच निघाली नाही. सिग्नलला एखादी गाडी पुढे उभी राहावी आणि लेकीला सांगावं, "ही बघ, ही मी केलीय," एवढीच माझी इच्छा होती. लेक म्हणायची, "आई, त्यातला डावा इंडिकेटर तुझा, माहितीये मला."

अशात आमच्याकडे मसल कारचं काम आलं. मसल कार म्हणजे जुन्या काळातली दांडगी अमेरिकन गाडी: दोन दारं, लांबलचक नाक आणि पोटात भलंमोठं इंजिन. अशीच एक जुनी गाडी नव्या यंत्रांसह, नव्या अंगाने परत काढायची, असं तिकडच्या एका छोट्या कंपनीने ठरवलं होतं, आणि तिची मागची बाजू आमच्या पुण्याच्या स्टुडिओला दिली होती. कंपनीच्या मालकांनी अट एकच घातली. गाडी नवी दिसली पाहिजे, पण पन्नास पावलांवरून एखाद्या म्हाताऱ्याने पाहिली तर त्याने तिला ओळखलं पाहिजे. मला ही अट फार आवडली. मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, "ही माझी." तो म्हणाला, "बरं," आणि पोळीला तूप लावत राहिला.

पण आमच्या सरांनी, म्हणजे स्टुडिओच्या प्रमुखांनी, काम दोघींना दिलं. आमच्या धंद्यात ही पद्धत असते. गाडीचं खऱ्या मापाचं मॉडेल तपकिरी मातीत बनवतात. ती माती भट्टीत गरम करून थापायची आणि गार झाली की पट्ट्यांनी तासायची. एक अख्खी पाठ करायलाच आठवडे जातात, मग दोन कुठून करणार? म्हणून एकाच मॉडेलवर उजवी अर्धी बाजू एकाची, डावी अर्धी दुसऱ्याची. मधोमध काळी पट्टी मारायची. पाहुण्याने कोपऱ्यात उभं राहून एक बाजू बघायची, दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन दुसरी बघायची आणि निवडायची.

दुसरी म्हणजे आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर असलेली एक नागपूरची मुलगी. वय सव्वीस, बोलणं कमी, कान सतत हेडफोनमध्ये. तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्याच्या अखेरीला संपत होतं. सरांनी आम्हा दोघींना समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं, हिची बाजू निवडली गेली तर हिला कायम करू, नाहीतर कठीण आहे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तिच्यापुढे अख्खं आयुष्य पडलंय आणि मला ही एकच पाठ हवीय, अशी मी माझी समजूत घातली.

आणि लगेच उजवी बाजू मागून घेतली. यात डोकं होतं. आपण ओव्हरटेक करतो ते उजवीकडून. निदान करावं असं लायसन्सच्या परीक्षेत तरी सांगतात. त्यामुळे पुढची गाडी आपल्याला कायम मागच्या उजव्या कोपऱ्यातून दिसते. आमच्या स्टुडिओत सगळे त्याच कोपऱ्यात जाऊन उभे राहतात, सरांची खुर्चीसुद्धा तिथेच असते. "उजवी बाजू माझी," मी म्हणाले. "इतकी वर्षं झाली, तेवढा मान ठेवा." ती हेडफोन काढून म्हणाली, "चालते ना, मॅडम. मी तशीही स्कूटरवर डावीकडूनच घुसते."

सहा आठवडे आम्ही एकाच गाडीच्या दोन अंगांना घासत होतो. मी माझे दिवे पत्र्याच्या बरोबरीत बसवले, गुळगुळीत, हात फिरवला तरी कड लागणार नाही असे. हल्ली सगळे तेच करतात आणि ते दिसतंही छान. तिने मात्र दिवा चांगला वीतभर आत ढकलला, कोनाड्यात पणती ठेवावी तसा. वरची कड छज्ज्यासारखी बाहेर काढली आणि खालची तिरकी कापली. माती तासणारे आमचे कारागीर कुरकुरत होते की एवढ्या खोलात पट्टी जात नाही. मी येता-जाता त्या कोनाड्याकडे बघायचे. मला तो आवडला होता, आणि आवडला म्हणून संताप येत होता. एकदा मी तिला म्हणाले, "धूळ साचेल हो त्यात." ती म्हणाली, "साचन, मॅडम." झालं, संपला विषय.

पाहुणे आले तो दिवस. मालक स्वतःच आले होते. सत्तरीचे, उंच, कॉलेजात असताना हीच गाडी चालवलेले. सरांनी फतवा काढला होता की गर्दी नको, आत फक्त कायमची माणसं थांबतील. त्यामुळे ती काचेच्या भिंतीबाहेर, चहाच्या मशीनपाशी उभी. मॉडेलवर चंदेरी फिल्म ताणून बसवली होती, दिव्यांच्या जागी लाल, त्यामुळे माती खऱ्या पत्र्यासारखी चकाकत होती. उजव्या कोपऱ्यात पाहुण्यांसाठी खुर्ची, शेजारी पाण्याची बाटली, वर खास दिवा. सगळं मी जातीने लावलेलं.

पाहुणे आत आले, त्यांनी खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तरातरा डाव्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

मला आधी कळेचना हा माणूस तिकडे कशाला गेला. मग डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात! ओव्हरटेक डावीकडून! आयुष्यभर त्या माणसाने पुढची गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यातून पाहिलेली. मी सोळा वर्षं परदेशी गाड्या करतेय, स्टुडिओत वीस माणसं आहेत, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. एवढे हुशार आम्ही, पुण्याचे!

पाहुणे तिकडे उभे ते उभेच. वाकून बघितलं, मागे सरकले, अजून मागे सरकले, अगदी भिंतीला पाठ लागेपर्यंत. शेवटी मला राहवेना. मी इंग्रजीत, पण आमच्या पेठी सुरात म्हणाले, "साहेब, या अंगालाही एक गाडी आहे." ते हसले, माझ्या बाजूला आले, दोन मिनिटं सभ्यपणे उभे राहिले, "सुंदर आहे" म्हणाले आणि परत तिकडे गेले. 'सुंदर आहे' हे कोणत्या सुरात म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो, हे पुणेकराला शिकवायला नको.

मग ते म्हणाले, "हीच ती. मी हिला कुठेही ओळखेन. कुणी केलीय ही?"

सर खुशीत होते. पाहुण्यासमोर आमच्याकडे टीमच्या प्रमुखाचं नाव घ्यायची रीत आहे, त्यात त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. त्यांनी माझ्या पाठीमागे हात नेला आणि म्हणाले, "आमच्या मागच्या बाजूच्या प्रमुख, या."

पाहुण्यांनी हात पुढे केला. आणि मी तो हातात घेतला. 'थँक यू' म्हणाले. स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले. काचेबाहेर बघितलं नाही.

मग जेवण. सरांनी पाहुण्यांसाठी मराठमोळा बेत ठेवला होता. ते माझ्या शेजारी बसून अळूची भाजी चमच्याने खात होते आणि मला सांगत होते की असा कोनाडा गेल्या कित्येक वर्षांत कुणी केला नाही, सगळे आपले गुळगुळीत दिवे करतात, कंटाळा आला बघून. मी मान डोलावली. श्रीखंड आलं, श्रीखंड संपलं. सांगायला मला पाऊण तास होता आणि प्रत्येक घासाला वाटत होतं, आता सांगते, एवढी पुरी संपली की सांगते. लाज वाटत होती का? वाटत होती. पण खरं सांगू, त्याहून जास्त छान वाटत होतं.

जेवून आम्ही परत मॉडेलपाशी आलो. पाहुण्यांनी डाव्या दिव्याच्या खोबणीत हात घातला आणि मला विचारलं, "हा एवढा आत का नेला?"

"त्याने एक नाट्य येतं," मी म्हणाले.

"नाट्य दिसतंय मला. पण वरची कड बाहेर आणि खालची तिरकी, तीही नेमकी एवढीच. का?"

का? मला काय माहीत का! सहा आठवडे शेजारी बसून मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. धूळ साचेल, एवढंच म्हणाले होते. पाहुणे थांबले होते. सर माझ्याकडे बघत होते. अजून एक गुळमुळीत वाक्य टाकलं असतं तर माझं बिंग तिथेच फुटलं असतं.

मग मी काय केलं, तर दिमाखात वळले, काचेचं दार उघडलं आणि हाक मारली, "अगं, आत ये." आणि पाहुण्यांना म्हणाले, "याचं उत्तर जिने हे केलंय, तिनेच द्यायला हवं. डावी बाजू हिची आहे." मला एरवी अशी वाक्यं सुचत नाहीत. सरांना जोराचा खोकला आला.

ती आली. मग तिने मोबाईलचा टॉर्च लावला, वर धरला आणि म्हणाली, "हा दुपारचा सूर्य." टॉर्च माझ्या बाजूवर आणला, तर माझा गुळगुळीत दिवा नुसता पांढराफटक झाला, लाल रंग दिसेचना. तिच्या बाजूवर आणला, तर वरच्या कडेची सावली दिव्यावर पडली आणि आतला लाल ठळक दिसत राहिला. "भर उन्हात पुढच्याने ब्रेक मारला तर मला स्कूटरवर कळतच नाही," ती म्हणाली. "दोनदा धडकली मी. म्हणून सावली पाहिजे होती. खालची कड तिरकी कापली, म्हणजे तिच्यावर पडलेला लाल उजेड वरूनही दिसतो, कारण स्कूटरवाल्याची नजर गाडीवाल्यापेक्षा वरून येते."

पाहुणे म्हणाले की त्यांच्या जुन्या गाडीला उन्हात असंच मागून दोनदा ठोकलं होतं, आणि त्यांनी तिला टॉर्च परत धरायला लावला.

डावी बाजू ठरली. ती कायम झाली. ड्रॉइंगवर तिचं नाव आलं आणि माझ्या नावावरच्या पाठींची संख्या होती तिथेच राहिली. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून "मोठं मन दाखवलंत" असं म्हटलं. मी म्हणाले, "अहो सर, त्यात काय."

संध्याकाळी पार्किंगमध्ये ती माझी वाट बघत उभी होती, हातात हेल्मेट.

"मॅडम, एक सांगू? रागावू नका."

"बोल."

"सकाळी तुम्ही त्यांच्याशी हात मिळवला ना, तेव्हा मी काचेतून पाहून राहिली होती. मला वाटलं, झालं, मॅडमनी आपल्या नावावर घेतलं. जेवण होईपर्यंत मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय नाही बोलली. आणि तुम्ही तर सगळ्यांसमोर मला बोलवायसाठी थांबल्या होत्या." तिचे डोळे भरून आले. "माझं चुकलं, मॅडम. मी किती वाईट विचार केला तुमच्याबद्दल. सॉरी."

'अगं, तू अगदी बरोबर विचार केलास,' हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, "होतं गं असं कधी कधी," म्हणाले, आणि तिला माफ करून घरी गेले.