दारातला उजेड

मध्यभारत होता तेव्हा आमच्या राज्याला राजधान्या दोन होत्या. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. फायली, कपाटं आणि कारकून असं सगळं लटांबर ग्वाल्हेरला निघालं की त्यात माझे वडीलही जात, ते सहा महिन्यांनी परत येत.

एका वर्षी त्यांची पेटी भरली जात असतानाच माझ्या चित्रकलेच्या क्लासचा विषय निघाला. मॅट्रिक झालेली मुलगी, घरात वडील नाहीत आणि क्लासमध्ये म्हणे जिवंत माणसं समोर बसवून त्यांची चित्रं काढतात. नातेवाइकांनी कान भरले होते. क्लास बंद, असं बाबांनी जाहीर केलं. मी रडले नाही, भांडले. त्या बाबतीत मी आईवर गेले आहे. शेवटी ते म्हणाले, मी निघायच्या आत माझंच चित्र काढून दाखव. त्यात मी दिसलो तर क्लास चालू.

हातात दोन दिवस होते. मी त्यांना माजघरात, छपरातल्या काचेच्या कौलाखाली खुर्चीवर बसवलं. हात गुडघ्यांवर, मान ताठ, जणू मोठ्या साहेबांनी बोलावलंय. नाक, मिशी, टोपी, सगळं कोळशाने अगदी मापात उतरलं. पण उजेड थेट डोक्यावरून पडत होता. डोळ्यांच्या खोबणी काळ्याकुट्ट झाल्या, मिशीची सावली ओठांवर आली. कागदावरचा गृहस्थ आता कुणाला तरी झाडणार हे नक्की होतं.

"मी इतका गुस्सैल दिसतो काय?" बाबा म्हणाले.

"बिलकुल तुम्हीच आहात," आई पोळी लाटता लाटता म्हणाली.

बाबांनी नकारार्थी मान हलवली. संध्याकाळी चित्र घेऊन मी क्लासच्या मास्तरांकडे गेले. ते हसले आणि म्हणाले, चेहऱ्याला हात लावू नकोस, खुर्ची हलव.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची दाराशी नेली. समोरच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर ऊन पडलं होतं आणि तिथून परतलेला मऊ उजेड बाबांच्या चेहऱ्यावर बाजूने येत होता. तेच नाक, तीच मिशी. फक्त डोळे काळोखातून बाहेर आले होते. मी एक गाल हलक्या सावलीत ठेवला, आणि ताठ मान तशीच असूनही बाबा कुणाची तरी वाट बघत बसलेत असं वाटायला लागलं. ग्वाल्हेरच्या खोलीत हा माणूस असाच बसत असणार, आणि आमच्या ते कधी मनातही आलं नव्हतं. मला त्यांची फार माया आली.

"हां, हा मी," चित्र बघून बाबा म्हणाले.

आईने पदराला हात पुसत चित्र घेतलं. असला माणूस मी इतक्या वर्षांच्या संसारात पाहिलेला नाही, असं तिने सांगून टाकलं. चित्र मात्र तिने बराच वेळ खाली ठेवलं नाही.

रागीट चित्र बाबांनी गुंडाळून पेटीत टाकलं. ऑफिसात लावतो, लोक फायली वेळेवर देतील, म्हणाले. मग पेटीच्या कडीशी उगाच चाळा करत राहिले.

"क्लास चालू ठेव, बेटा. पण गाडीच्या आधी हिचं एक काढून दे, मला न्यायला. उजेड हाच घे."

आईने लगेच तोंड सोडलं. पोळ्या व्हायच्या आहेत, केस विंचरलेले नाहीत, आणि चित्रं काढून घ्यायचं हे वय आहे का. मी नवा कागद आणायला आत गेले. परत आले तर ती त्याच खुर्चीवर, तोंड उजेडाकडे करून बसली होती.