कल्चर, केळी आणि सोमवार

नांदेडात इंग्रजी शिकवण्यात माझी उभी हयात गेली. त्या काळात 'कल्चर' या एका शब्दाने मला जेवढं छळलं, तेवढं मागच्या बाकावरच्या कुठल्याही टोळक्याने छळलं नसेल.

शब्द परका, पण आमच्या घरात त्याचं येणंजाणं जुनं आहे. धाकटा भाऊ अर्धापूरकडे शेती करतो. केळी आणि सोयाबीन. पेरणीच्या तोंडावर त्याचा फोन ठरलेला असतो, "दादा, येताना कल्चरची पाकिटं आणा." हे कल्चर म्हणजे जिवाणूंचं खत. गुळाच्या पाण्यात कालवून ते बियाण्याला चोळतात. त्याच्या केळीची रोपं टिशू कल्चरची असतात आणि त्यांना तो नुसतं 'टिशू' म्हणतो. माझ्या बायकोच्या कानात कल्चर मोती आहेत, म्हणजे शिंपल्याला फसवून करून घेतलेले. भावाची मुलगी लातूरला एका लॅबमध्ये आहे. तिचं कल्चर काचेच्या बशीत उबेला ठेवलेलं असतं आणि दोन दिवसांनी बशीत काय उगवलं ते बघायचं असतं. मी स्वतः कॉलेजात कल्चरल कमिटीचा प्रमुख होतो. स्नेहसंमेलनात पोरांच्या नाचाने स्टेज मोडणार नाही एवढं पाहणं, हेच त्या कमिटीचं सांस्कृतिक कार्य होतं.

या गोतावळ्याचा मूळपुरुष कोण, हे मी दरवर्षी वर्गाला सांगत असे. लॅटिनमधला एक धातू आहे. त्याचे अर्थ तीन: जमीन कसणं, एखाद्या जागी वस्ती करून राहणं आणि पूजा करणं. इंग्रजीत हा शब्द आला तो आधी शेताच्या मशागतीसाठी. मग कुणाच्या तरी मनात आलं की जमिनीसारखी माणसाच्या मनाचीही मशागत करता येते, आणि शब्द बांधावरून उठून शिकल्यासवरल्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसला. एकोणिसाव्या शतकात त्याच्यावर दोघांनी हक्क सांगितला. एक, देशोदेशीच्या लोकांच्या चालीरीती अभ्यासणारे आणि दुसरे, काचेच्या नळीत पोषक द्रवावर जंतू वाढवणारे. दोघांनाही तो मिळाला. अलीकडे कंपन्यांनीही त्याला कामाला लावलाय. नांगरट, वस्ती आणि पूजा एकाच मुळातून निघाली, हे सांगताना माझा आवाज चढायचा आणि झोपलेली पोरं दचकून जागी व्हायची.

एवढे सगळे अर्थ मला पाठ होते. तरी एक राहिलाच होता, आणि तो दोन वर्षांपूर्वी लातूरहून आला.

पुतणीने घरी सांगितलं की तिला लातूरच्या एका मुलाशी लग्न करायचंय. मुलाच्या घरचं गंजगोलाईत भांड्यांचं दुकान. ते लिंगायत, आम्ही मराठे. वडिलांचा लघवीचा कल्चर रिपोर्ट न्यायला तो लॅबमध्ये आला होता. रिपोर्ट एकदा मिळाला की संपलं, पण हा पठ्ठ्या वडील ठणठणीत झाल्यावरही येत राहिला. मुलगा चांगला होता. माझ्या बोलण्यावर तो न हसण्याच्या ठिकाणीही हसायचा, म्हणजे बुद्धीनेही बरा होता.

मुलाच्या आईला सगळे अक्का म्हणतात. अक्कांनी पुतणीला फोनवर सांगितलं, "पोरी, तू गुणाची हायस. पर आपलं कल्चर जुळत न्हाई." इकडे माझा भाऊ, ज्याने जन्मात हा शब्द पाकिटापलीकडे वापरला नव्हता, तोही मान हलवत म्हणाला, "दादा, पोरगं लई चांगलं हाय. पर त्यांचं कल्चर येगळं पडतंय ना."

मला भयंकर राग आला. पुतणीची काळजी होतीच, पण खोटं कशाला बोलू, निम्मा राग शब्दाच्या वतीने होता.

त्याच आठवड्यात पुतणी नांदेडला आमच्याकडे आली. सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही एवढी वर्षं हा शब्द शिकवला. अक्का आणि बाबा ज्या अर्थानं बोलून राहिले, तो अर्थ डिक्शनरीत हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग मराठीत त्याला काय म्हणतेत?"

मी चष्मा पुसायला घेतला. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "जात म्हणतेत. चहा टाकू का?"

चहा पिता पिता पुतणीने तिचं ठरलेलं सांगितलं. पळून जाऊन लग्न करणार नाही. अक्कांनी एकदा आपलं घर येऊन बघावं. त्यानंतरही त्या नाही म्हणाल्या तर विषय संपला, मुलालाही तसं सांगितलंय. मग ती लातूर सोडून पुण्याची नोकरी धरणार. हे सगळं ती अगदी शांतपणे बोलली, आणि बोलता बोलता तिने बिस्किटाचा पार भुगा करून टाकला.

मध्यस्थी मी अंगावर घेतली. लातूरला फोन लावला, गोड बोललो. अक्का शेतावरच्या घरी यायला तयार झाल्या. दिवस त्यांनीच सांगितला, सोमवार.

"सोमवारी त्यांचा उपवास असतो," बायको म्हणाली. "तुमच्या घरचं खायला नको, म्हणून सोमवार काढला."

"तुला प्रत्येक गोष्टीत वास येतो," मी म्हणालो. संसारात हे वाक्य मी पुष्कळदा म्हटलंय आणि दरवेळी तोंडावर पडलोय.

भावाने वेगळीच तयारी केली. त्याच्या घरी मटण शिजतं, पण परसात, तीन दगडांच्या चुलीवर, आणि त्याची भांडी वेगळी. भावजय माळकरी आहे, स्वतः खात नाही, बाकीच्यांना करून घालते. ती भांडी भावाने रविवारीच विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत नेली आणि वर पोतं टाकलं. चुलीचे दगडसुद्धा इकडेतिकडे लोटून दिले. चोरीचा माल दडवताना करत नसेल एवढी काळजी त्याने त्या पातेल्यांची घेतली.

सोमवारी अक्का, त्यांचे यजमान आणि मुलगा आले. अक्कांच्या कपाळावर भस्माची बोटं, चालणं ठसक्याचं. चहा आला तेव्हा त्यांनी हात जोडले. "आज सोमवार हाय. काही घेत न्हाई मी." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग मी सुरू झालो. भाषण पाठच होतं. कल्चर म्हणजे मुळात नांगरट, कल्चर म्हणजे पूजा, म्हणजे तुमची शिवपूजा आणि आमची शेती एकाच धातूची लेकरं, वगैरे. माझ्या मते रंगत चढत होती. यजमानांना डुलकी लागली. अक्कांनी मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, लई छान बोलता. नव्या दुकानाच्या उद्घाटनाला तुम्हालाच बोलवू."

एवढ्यात भाऊ आतून पिकल्या केळ्यांची मोठी फणी घेऊन आला आणि अक्कांच्या पुढ्यात ठेवली. त्याच्या मनात कणभरही डाव नव्हता. पाहुणी उपाशी बसलीय, एवढंच त्याला सलत होतं. "अक्का, उपवासाला केळी चालतेत की!"

साबुदाणा पुढे आला तर काय सांगायचं, भगर आली तर काय, हे सगळं अक्का लातूरहून ठरवून आल्या असणार. केळीवाल्याच्या घरी सोमवार कामाचा नाही, हे तेवढं त्यांच्या ध्यानातून निसटलं होतं. त्यांनी फणीकडे पाहिलं, मग पुतणीकडे. पुतणीने मान खाली घातली. अक्कांनी एक केळं तोडलं, सोललं आणि खाल्लं. भावाने लगेच दुसरं हातात दिलं. "एका केळ्यावर पाहुण्याला उठवत न्हाईत आमच्यात." तेही त्यांनी खाल्लं.

मग बाग बघायला सगळे निघालो. ऊन होतं, म्हणून अक्का सावलीसाठी मोटारीच्या खोलीत शिरल्या आणि त्यांचा पाय पोत्याला लागला. आतून खण्ण आवाज आला. भांडीवाल्याच्या घरातली बाई, तिला तो आवाज ऐकून राहवतंय होय! त्यांनी पोतं बाजूला केलं, मोठं पातेलं उचललं आणि बुडावर टिचकी मारली, मग आतला वास घेतला.

"हे इथं कामून ठेवलं?"

"ते फवारणीचं हाय," भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा हिरवा पडला होता.

"फवारणीला मसाला लागतो का?"

भावजय पुढे झाली. "मटणाचं हाय, अक्का. घरात करत न्हाई, बाहेर चुलीवर करते. मी खात न्हाई. पर हे खातेत, आन् पोरगी बी खाते."

मी डोळे मिटले. झालं, आता पुणं.

"मग लपवलं कामून?" अक्कांनी विचारलं.

"तुमचं कल्चर…" भाऊ चाचरला.

"कल्चर-बिल्चर काय न्हाई हो." अक्का पातेलं हातात घेऊनच खोलीबाहेरच्या हौदाच्या कठड्यावर बसल्या. "मला भ्या वाटायलंय. आमची भावकी लग्नाला पाय ठेवणार न्हाई, ते एक. आन् उद्या ही पोरगी माझ्या हातचं जेवून कटाळली, पोराला घेऊन येगळी राहिली, तर मी काय करू? एकच पोरगं हाय मला."

भावजय त्यांच्या शेजारी बसली. "मला बी एकच पोरगी हाय. मला रोज वाटतं, तिकडं हिचं ताट कुणी बाजूला ठेवलं तर? तिला कोण इचारंल?"

दोघींनी पदर डोळ्यांना लावला. एवढा शिकलेला मी तिथे सगळे धातू विसरून उभा होतो. माझेही डोळे भरून आले. फवारणीच्या औषधाचा वास उग्र आहे, असं मी मोठ्याने म्हणून टाकलं.

थोड्या वेळाने अक्कांनी पातेलं उलटं केलं. "ह्याचं बूड लई पातळ हाय. खाली लागत असंल."

"लागतंय की," भावजय म्हणाली. "दरवेळी घासत बसावं लागतं."

"हाव, लागणारच." त्यांनी पातेलं जागेवर ठेवलं आणि वर पोतंही नीट पसरलं.

निघताना त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. पुतणीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत बसल्या. तो हात आशीर्वादाचा की निरोपाचा, यावर त्या संध्याकाळी आमच्यात दोन तट पडले. पुतणी कुठल्याच तटात नव्हती. ती लातूरला कामावर गेली. तिचे फोन येत, पण ती हवापाण्याचं बोलून ठेवून देई. पुण्याच्या नोकरीचा अर्ज तिने भरला, हे आम्हाला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. भाऊ रोज बागेत जायचा आणि कामाशिवाय हिंडून परत यायचा.

पुढच्या आठवड्यात मी शेतावरच होतो, तेव्हा अक्कांचा फोन आला. तो माझ्या नावाने नव्हता, भावजयीला होता. तिने घाबरून स्पीकर लावला.

"जाड बुडाचं पातेलं काढून ठेवलंय तुमच्यासाठी," अक्का म्हणाल्या. "घेऊन येते म्हणते."

भाऊ मध्येच ओरडला, "या की, अक्का! सोमवारी केळी काढूनच ठेवतो!"

"सोमवारी कशाला? सोमवारी उपवास असतो माझा. बुधवारी येतो आम्ही," अक्का म्हणाल्या, "जेवायला."