वटवाघळांचा पापडखार

वटवाघळांच्या लेंड्यांचे पापड करायला घेतलेली शहादा तालुक्यातली एकमेव सून मी. नातवंडांना अजून खरं वाटत नाही. लग्नाला दोन वर्षं झालेली, त्यात बारावी सायन्स पास, म्हणजे अक्कल नुसती ओसंडत होती. सातपुड्यात देवीला गेलो, तिथल्या गुहेत भिंतीवर पांढरा, पिठूळ थर दिसला. बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, बोटांत चोळून निदान केलं: पापडखार! त्याचा मोठा खडा पदरात बांधून आणला आणि कुणाला न सांगता अर्धा कुटून उडदाच्या पिठात कालवला.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया पोळपाट-लाटणी घेऊन आल्या. आधी तेलात बुडवून एकेक लाटी खायची, मगच लाटायला बसायचं, अशी रीत. चुलतसासूंनी लाटी तोंडात टाकली आणि थेट अंगणात थुंकल्या.

“हाऊ खार कोठेन लयना वं?”

मी ऐटीत गुहा सांगितली.

“आवं माय! तठे ते वाघळं हागतस!”

पीठ उकिरड्यावर गेलं. सासूबाईंचं फर्मान निघालं: उरलेला खडा फेक आणि सगळ्यांच्या पाया पड, नाहीतर पापडाला बसायचं नाही. आमच्याकडे पापडाला न बोलावणं म्हणजे गल्लीतून नाव कापणं.

“पीठ नासवलं, चूक माझी,” मी म्हटलं. “पाया पडते. पण हे काय आहे ते कळल्याशिवाय फेकणार नाही.”

मग काय! घराघरांतून लाटण्यांचे आवाज यायचे आणि मी ओसरीवर एकटी गहू निवडायची. रडले नाही. गाणी म्हटली, तीही मोठ्याने आणि बेसूर.

शेवटी एस.टी.ने नंदुरबार गाठलं. मिरची बाजारापासून शिंकत शिंकत कॉलेजात पोचले. खडकांचा विषय शिकवणाऱ्या सरांनी खडा ठेवून घेतला, आठ दिवसांनी बोलावलं.

“ताई, हे फॉस्फेटचं खनिज आहे. वटवाघळांची विष्ठा गुहेतल्या ओल्या चिकणमातीत मुरून तयार होतं. टॅरनाकाइट म्हणतात. दुर्मिळ आहे हो! तुम्हाला कशात सापडलं?”

“पापडात.”

घरी आले तेव्हा बाया आमच्याच ओट्यावर लाटत बसल्या होत्या. मी खडा सासूबाईंपुढे धरला. “जगात फार थोड्या ठिकाणी मिळतं हे. फेकणार नाही. आणि पापडालाही बसणार.”

लाटणी थांबली. सासूबाईंनी नाकाला पदर लावून खडा नीट न्याहाळला.

“दुनियामा कमी शे ना? मंग बरं शे. हात धुई ये नि लाटाले बस. पन खार मी टाकसू.”